किण्वाचे बियाणे

मराठी संसारात काही वस्तू अशा आहेत, की त्या सहसा विकत आणल्या जात नाहीत आणि कधी संपूही दिल्या जात नाहीत. विरजण ही त्यांतली पहिली. दह्याचे भांडे तळाला गेले, की घरातली मंडळी कितीही मागत असोत, गृहिणी शेवटचे दोन चमचे बाजूला काढून ठेवते. ते दोन चमचे आजच्या जेवणाचे नसतात. उद्याच्या दह्याचे असतात. एखाद्या दिवशी ते राखायचे राहून गेले, तर वाटी घेऊन शेजारच्या घरी जाण्यात तिला कमीपणा वाटत नाही. साखर उसनी आणली तर परत करावी लागते. विरजण परत करण्याची कुणी अपेक्षा धरीत नाही. ते दिल्याने देणाराचे काही उणे होत नाही, हे सर्वांना ठाऊक असते.

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो या विरजणाचाच सख्खा भाऊ आहे. मात्र आपल्या पांढरपेशा स्वयंपाकघरात त्याचे येणेजाणे कमी. शास्त्रीय भाषेत ज्याला किण्व म्हणतात आणि बाजारात जे यीस्ट या नावाने मिळते, ते हे होय. धान्याचे किंवा फळांच्या रसाचे पेय घरी आंबविले, की भांड्याच्या तळाशी पांढुरका गाळ बसतो. तो बव्हंशी किण्वाचाच असतो. हा गाळ फेकून द्यावयाचा की राखावयाचा, राखावयाचा तर कसा, आणि किती दिवसांनी तो पुन्हा कामास लावावयाचा, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु पेय आंबविणाऱ्या जगातील प्रत्येक समाजाला तो सोडवावा लागला आहे; आणि रायपूरच्या ज्या मुलुखात मी नोकरीनिमित्त राहतो, त्या छत्तीसगडातील आदिवासी स्त्रियांनी तो ज्या रीतीने सोडविला आहे, ती रीत आपण सर्वांनी समजून घेण्यासारखी आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. मद्यपानाची भलावण करण्याचा माझा हेतू नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. छत्तीसगडात अनुसूचित जमातींना घरगुती वापरापुरते मद्य तयार करण्याची कायद्याने मुभा दिली आहे. मला सांगावयाचे आहे ते पेयाविषयी नव्हे, तर त्या पेयाच्या बीजाविषयी.

‘बीज’ हा शब्द मी माझ्या पदरचा घातलेला नाही. आयुर्वेदातील शार्ङ्गधरसंहितेत मद्याच्या निरनिराळ्या अंशांना नावे देताना किण्वाची ओळख ‘सुराबीज’ अशीच करून दिली आहे. त्या काळी सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते, आणि तरीही शब्द किती नेमका निवडला आहे पाहा! किण्व हा खरोखरच एक सजीव आहे. बुरशीच्या कुळातला, एकाच पेशीचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही लहान. तो साखर खातो, तिचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू करतो, आणि हे करीत असता त्याच्या अंगाला कळ्या फुटून त्याची संख्या वाढत जाते. आंबण्याचे काम संपते तेव्हा आपण घातले होते त्याच्या कितीतरी पट किण्व तळाशी जमलेले असते. म्हणजे पेय आंबविणारा मनुष्य एकाच भांड्यात दोन पिके काढीत असतो: एक पेयाचे आणि दुसरे बियाण्याचे. पहिले पीक कुणालाही दिसते. दुसरे ओळखावयास जाणता लागतो.

हे बियाणे राखण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी रीत कोणती? भांडे न धुणे. ही थट्टा नव्हे. नीरा आणि ताडी या दोन वस्तू मुळात एकाच झाडाच्या एकाच रसाच्या आहेत, हे आपणांपैकी पुष्कळांना माहीत असेल. नीरेसाठी झाडाला बांधावयाचे मडके आतून चुन्याने सारवतात. त्या चुन्यामुळे किण्वाची वाढ खुंटते आणि रस गोड राहतो. ताडीच्या मडक्याला चुना नसतो. कालच्या रसाचा अंश मडक्याच्या छिद्रांत मुरून राहिलेला असतो, आणि आज थेंब पडू लागताच तो अंश कामाला लागतो. बस्तरात सल्फीच्या झाडाला टांगलेल्या हंडीतही हेच घडते. गोव्यात माडाची सूर अशीच आंबते. पोर्तुगिजांनी आणलेला पाव फुगविण्यासाठी तिथल्या पोदेरांनी पिढ्यान् पिढ्या हीच सूर वापरली. आज बहुतेक भट्ट्यांतून कारखान्यातले यीस्ट आले आहे. पण जुन्या वळणाच्या घरी सान्नां करावयाची तर अजूनही सुरेची आठवण निघते.

मात्र न धुतलेल्या मडक्याचा एक दोष आहे. त्यात किण्वाबरोबर इतरही पाहुणे वस्तीला असतात. सकाळची ताडी संध्याकाळपर्यंत आंबट होते आणि पुढे तिचा शिरका होतो, तो या पाहुण्यांमुळे. शेतकरी खळ्यावरचे सगळे धान्य बियाण्याला ठेवीत नाही; तो भरलेले कणीस निवडतो, काडीकचरा पाखडून काढतो. किण्वाच्या बाबतीतही ही निवड करावी लागते. युरोप-अमेरिकेत घरच्या घरी बिअर आंबविण्याचा छंद आता बराच पसरला आहे. इंग्लंडमध्ये १९६३ मध्ये त्यासाठी लागणारा परवाना रद्द झाला आणि अमेरिकेत १९७८ मध्ये तशी मोकळीक देणारा कायदा झाला. या छांदिष्ट मंडळींनी आणि त्यांच्या आधी मोठ्या कारखान्यांनी जी पद्धत बसविली, ती थोडक्यात सांगतो. कारण घरी पाव करणाऱ्या भगिनींनाही तिच्यातले तत्त्व उपयोगी पडेल.

आंबण्याचे काम संपल्यावर भांडे थंड जागी स्थिर ठेवले, की तळाच्या गाळाचे थर दिसू लागतात. अगदी खालचा थर काळपट आणि जड असतो. त्यात धान्याचा कोंडा, बिअरमध्ये घालतात त्या हॉप नावाच्या कडू फुलांचा चोथा आणि मेलेल्या पेशी असतात. सर्वांत वरचा थर पातळ व गढूळ असतो. तळी बसावयास आळस करणाऱ्या पेशी त्यात असतात. या दोहोंच्या मध्ये दाट सायीसारखा, पांढराशुभ्र थर असतो. बियाणे म्हणून घ्यावयाचा तो हा. त्यात उकळून पूर्ण गार केलेले पाणी घालून ढवळावे आणि पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्यावे. जड कचरा खाली बसतो. वरचे दुधासारखे पाणी उकळत्या पाण्याने शुद्ध केलेल्या दुसऱ्या बाटलीत अलगद ओतून घ्यावे आणि ती बाटली शीतकपाटात १ ते ४ अंश सेल्सिअस तपमानात ठेवावी. टोपण घट्ट लावू नये. थंडीतही किण्व थोडाथोडा वायू सोडीत असते आणि कोंडलेल्या वायूने बाटली फुटण्याची भीती असते.

असे ठेवलेले किण्व दोन आठवड्यांच्या आत वापरले तर उत्तम. महिना उलटला असेल, तर आधी थोड्याशा गोड द्रवात घालून ते जागे होते का, फेस येतो का, हे पाहावे. वास ताज्या पावासारखा असावा. सडक्या मांसाचा वा कुजल्याचा वास आला, तर मोह न धरता टाकून द्यावे. फार कडक मद्याच्या तळचे किण्व पुन्हा घेऊ नये, कारण मद्यार्काच्या माऱ्याने ते खचलेले असते. सौम्य पेय आधी आंबवावे आणि त्याचे किण्व कडक पेयाला वापरावे, उलट करू नये. आणि अशी पाच-दहा आवर्तने झाली, की नवे, शुद्ध बियाणे आणावे. कारण प्रत्येक आवर्तनात थोडा थोडा भेसळीचा अंश शिरत असतो.

हा अवधी एवढा थोडा का, असे कुणी विचारील. त्याचे कारण असे, की शीतकपाटातले किण्व झोपलेले असते, मेलेले नसते. आणि झोपलेल्यालाही थोडे खावे लागतेच. काम संपताना प्रत्येक पेशी आपल्या अंगात ग्लायकोजेन आणि ट्रेहॅलोज या नावांच्या शर्करांची शिदोरी बांधून घेते. थंडीत ही शिदोरी सावकाश संपते, उष्णतेत झपाट्याने. ती संपली, की पेशी मरतात आणि त्यांच्यातले पाचक द्रव त्यांनाच पचवून टाकतात. म्हणून किण्व ‘ठेवणे’ हा शब्दच काहीसा फसवा आहे. ते धनासारखे पेटीत ठेवता येत नाही. त्याला ठरावीक काळाने पुन्हा कामाला जुंपावे लागते, आणि तेच त्याचे जतन.

या हिशेबात एक गोष्ट लक्षात येईल. किण्व अनेक पटींनी वाढते आणि पुढच्या खेपेला त्यातले थोडेच लागते. मग उरलेल्याचे काय? पूर्वी युरोपात ते पाववाल्याकडे जाई. १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये बर्टन या मद्यनिर्मितीच्या गावी त्याच्यापासून मार्माइट नावाचा खाद्य अर्क तयार होऊ लागला. या अर्काचा आपल्या मुंबईशी एक संबंध आहे. लुसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ मध्ये मुंबईस आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरीब, गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका घातक पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. नाना उपाय करून पाहता त्यांना आढळले, की हा स्वस्त यीस्टचा अर्क दिला असता रोग हटतो. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे या शोधाचा माग घेता घेता जे जीवनसत्त्व सापडले, ते म्हणजे फॉलिक आम्ल. आज आपल्याकडे गर्भवती स्त्रीला ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांच्या इतिहासात मद्याच्या पिंपाच्या तळचा हा गाळ आहे. फेकून देण्यासारख्या वस्तूकडे जरा निरखून पाहावे, एवढा बोध यातून घेण्यास हरकत नाही.

आता छत्तीसगडाकडे वळू. वर सांगितलेल्या सगळ्या पद्धतीचा आधार शीतकपाट हा आहे. रायपूरला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा हवेत ओल्या किण्वाचा गाळ उघड्यावर ठेवला, तर तो थोड्याच दिवसांत नासतो. मग ज्या काळी बर्फ नव्हता, वीज नव्हती, आणि ज्या गावांत ती अजूनही बेभरवशाची आहे, तिथे हे बियाणे वर्षानुवर्षे टिकले कसे?

उत्तर आहे: वाळवून. राज्याच्या उत्तरेस सरगुजा आणि जशपूर या भागांत उराँव आणि इतर जमाती तांदळापासून हंडिया नावाचे पेय करतात. त्याचे बीज म्हणजे ‘रानू’. रानू ही तांदळाच्या पिठाची, सुपारीएवढी किंवा त्याहून थोडी मोठी, पांढरट गोळी असते. कच्चे तांदूळ भिजवून कुटतात. त्यात रानातून आणलेल्या मुळ्या व साली यांची पूड मिसळतात, आणि पाण्याने मळून गोळ्या वळतात. या नव्या गोळ्यांवर जुन्या रानूची पूड भुरभुरावयाची; जुने बीज नव्यात उतरते ते असे. मग त्या गवताच्या थरावर मांडून वरून गवताने झाकतात. दोन-तीन दिवसांत त्यांच्यावर पांढरी लव येते, आंबूस-गोड वास सुटतो, आणि मग त्या खडखडीत वाळवून ठेवून देतात. पाणी गेले, की किण्वाची भूक मंदावते. शिदोरी पुरून उरते. वाळलेली गोळी महिनोन् महिने टिकते. जे काम शीतकपाट थंडीने करते, ते येथे ऊन आणि वारा करतात.

हंडिया करावयाचा तर शिजवलेला भात चटईवर पसरून गार करतात, त्यात रानू कुस्करून मिसळतात आणि मातीच्या हंडीत भरून झाकून ठेवतात. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, हिवाळ्यात अधिक. मग पाणी घालून गाळतात. येथे एक शास्त्रीय गंमत आहे. किण्वाला साखर पचते, भाताचा स्टार्च पचत नाही. युरोपातला बिअरवाला त्यासाठी सातूला मोड आणतो; मोडातील द्रव्ये स्टार्चची साखर करतात. बस्तरातील लोक लांदा करताना हीच युक्ती योजतात. तांदळाचे पीठ वाफवून त्यात मोड आलेल्या मक्याचे पीठ घालतात. रानूचे तसे नाही. त्या एका गोळीत स्टार्चची साखर करणारी बुरशी आहे, साखरेचे मद्यार्क करणारे किण्व आहे, आणि चव आंबूस करून इतर जंतूंना दूर ठेवणारे लॅक्टिक आम्लाचे जंतूही आहेत. दही लावणारे जंतू याच कुळातले. म्हणजे आपले विरजण आणि हे रानू यांचे नाते केवळ उपमेपुरते नाही.

हे सगळे ज्ञान स्त्रियांकडे आहे. कोणती मुळी किती घ्यावयाची, ती कोणत्या महिन्यात खणावयाची, गवत किती जाड पसरावयाचे, हे सासू सुनेला दाखवते आणि आई मुलीला. ही गोष्ट नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात किण्व तयार करण्याची कृती दिली आहे. उडदाचे वाटण, त्याला तांदळाची जोड, आणि मोरटादी वनस्पतींचा ठरावीक अंश. तिची रानूच्या कृतीशी तुलना केली असता कुळ एकच असल्याचे ध्यानी येते. त्याच प्रकरणात सुरेचे आणि किण्वाचे काम स्त्रियांनी व मुलांनी करावे असे म्हटले आहे. आणि कुटुंबांना मंगलकार्यासाठी घरगुती सुरा करण्याची मोकळीकही ठेवली आहे. शासनाच्या कागदपत्रांत वावरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून मौज वाटते, की आजच्या कायद्यातील मोकळीक आणि त्या काळची मोकळीक यांचे सूत्र एकच आहे.

आता हे केवळ आपल्याच देशातले वैशिष्ट्य समजू नये. नॉर्वेच्या पश्चिम भागातील शेतकरी पिढ्यान् पिढ्या घरी बिअर करीत आले आहेत. त्यांच्या घरगुती किण्वाला ते ‘क्वाइक’ म्हणतात. लाकडाचे लहान तुकडे गुंफून केलेले एक कडे ते किण्वाच्या गाळात बुडवीत आणि वाळवून घरात टांगून ठेवीत. पुढच्या सणाला ते कडे गोड काढ्यात टाकले, की काम सुरू. एखाद्याचे किण्व बिघडले तर तो शेजाऱ्याकडून आणी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले, की क्वाइक हा माणसाळलेल्या किण्वांचा एक वेगळाच गट आहे आणि तो ३० ते ४० अंशांच्या उष्णतेतही उत्तम काम करतो. बर्फाच्या देशातील शेतकरी आणि आपल्या सालवनातील उराँव स्त्री यांनी एकमेकांस न पाहता दोन गोष्टी सारख्याच ठरविल्या: बियाणे वाळवावे आणि बियाणे वाटावे.

यातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तिची कसोटी मोठ्या उद्योगातही लागली आहे. डेन्मार्कचे याकोबसेन यांनी १८४५ मध्ये म्युनिक येथील झेडलमायर यांच्या मद्यशाळेतून उत्तम किण्व मिळविले आणि ते कोपनहेगनला नेले. प्रवास घोडागाडीचा आणि लांबचा. टोपीखाली डबा धरून, प्रत्येक मुक्कामावर त्यावर गार पाणी ओतीत त्यांनी ते जिवंत ठेवले, असे सांगतात. त्या किण्वावर कार्ल्सबर्गची मद्यशाळा उभी राहिली. पुढे तिथल्या बिअरला बिघाडाने ग्रासले. तेव्हा त्यांच्याच प्रयोगशाळेतील एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये शोधून काढले, की किण्वात रानटी जातींची भेसळ झाली आहे. आणि त्यांनी एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढविण्याची रीत बसविली. हा शोध गुपित ठेवून प्रतिस्पर्ध्यांवर मात करता आली असती. याकोबसेन यांनी तसे केले नाही. रीत प्रसिद्ध केली, किण्व मागणाऱ्यांना दिले. ज्यांना स्वतःस एकेकाळी दुसऱ्याच्या घरून बीज मिळाले होते, त्यांनी ते पुढे दिले.

शुद्धतेचा हा मार्ग आज फार पुढे गेला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. अशा संग्रहांतून किण्वाच्या जाती गोठवून सुकविलेल्या किंवा अतिशीत अवस्थेत ठेवलेल्या असतात. त्या वर्षानुवर्षे टिकतात. या कार्याचे मोल मोठे आहे. परंतु रानूच्या बाबतीत तेवढ्याने भागणार नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. रानू ही एक जात नव्हे, ती एक पंगत आहे. तिच्यातील एकेक जीव वेगळा काढून बाटलीत घातला, तर पंगतीतली माणसे सापडतील. पंगत सापडणार नाही. आणि मुळ्यासालींचे ज्ञान तर कोणत्याही बाटलीत मावत नाही.

जशपूरकडच्या एका आठवडी बाजारात पानावर रानूच्या गोळ्या मांडून बसलेल्या एका वृद्ध बाईंशी मी थोडे बोललो होतो. “दाई, तुमचे रानू कधी बिघडले तर काय करता?” असे विचारले. त्या म्हणाल्या, “शेजारीण आहे ना, बाबू. तिचे बिघडले तर माझे आहे.” मग थोडे थांबून त्यांनी पुढे सांगितले, की आता गावात करणाऱ्या दोघीच उरल्या आहेत, बाकीच्या बाजारातून घेतात. माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या दुसऱ्या वाक्यात होते. ज्या गावात वीस घरी रानू होते, तिथे एका घरचे बिघडले तर एकोणीस घरे होती. जिथे दोनच उरली, तिथे एका पावसाळ्याची कसूर पुरे. आणि ते बीज नाहीसे झाले, तर त्याची कुठेही नोंद होणार नाही. कारण ते जिवंत होते हेच मुळी कुठल्या वहीत लिहिलेले नव्हते.

रायपूरला बियाणे हरवण्याची काळजी करणारी परंपरा आहे, म्हणून हे येथूनच बोलावेसे वाटते. कटकच्या भात संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात येथे राहून छत्तीसगड आणि भोवतालच्या प्रदेशातील भाताचे हजारो देशी वाण गावोगाव फिरून गोळा केले. आज ते इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या ताब्यात असून तिथल्या संग्रहात भाताचे २३,००० हून अधिक नमुने आहेत. २००२ मध्ये या संग्रहाच्या उपयोगाविषयी एका परदेशी कंपनीशी करार होण्याची वार्ता पसरली, तेव्हा शेतकरी आणि नागरिक यांनी एवढा विरोध केला, की तो बेत सोडून द्यावा लागला. बियाणे कुणाचे, हा प्रश्न लोकांना किती जवळचा वाटतो हे त्या वेळी दिसले. मात्र भाताच्या संग्रहालाही एक नियम चुकत नाही: डब्यातले बी ठरावीक वर्षांनी शेतात पेरून पुन्हा ताजे करावे लागते. नाहीतर नावाची चिठ्ठी राहते आणि बी मरते.

भाताला जी वही मिळाली, ती भात आंबविणाऱ्या बीजालाही मिळाली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. गावोगावच्या रानूचे नमुने घ्यावेत, कोणत्या बाईने कोणत्या मुळ्या घालून ते केले हे तिच्या संमतीने आणि तिच्या नावाने लिहावे, आणि त्यातले सूक्ष्मजीव शुद्ध रूपात जतन करावेत. हे काम प्रयोगशाळेचे आहे. पण त्याबरोबरच त्या स्त्रियांच्या हाती ते चालू राहील, असेही पाहावे. त्यासाठी रानातल्या त्या वनस्पती शिल्लक राहिल्या पाहिजेत, आणि मुलींना ही विद्या लाजिरवाणी वाटता कामा नये. हंडिया प्यावा की पिऊ नये, हा वेगळा प्रश्न आहे. त्यावर मतभेद असणार आणि असावेत. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मीही पाहिली आहेत. पण किण्वाला पेयाचा तेवढा एकच उपयोग नाही. पाव, औषधी आसवे, पौष्टिक अर्क, कितीतरी गोष्टी त्याच्यातून निघतात. उद्या कोणते किण्व कशाला उपयोगी पडेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. मुंबईच्या रुग्णालयात पिंपाच्या तळचा गाळ उपयोगी पडेल, हे तरी आधी कुणी सांगितले होते?

आणि ज्यांचा हंडियाशी कधी संबंध येणार नाही, अशा आपणां सर्वांसाठीही यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. घरी पावासाठी खमीर राखत असाल, इडलीचे पीठ आंबविताना जुन्या पिठाचा अंश घालीत असाल, किंवा चार पिढ्यांचे विरजण चालवीत असाल, तर ते स्वच्छ भांड्यात ठेवा, फार दिवस नुसते पडून राहू देऊ नका, आणि त्यातले थोडे दुसऱ्या एखाद्या घरी नेऊन द्या. परगावी निघालेल्या लेकीच्या डब्यात एक वाटी घाला. आपल्या घरचे कधी नासले, तर ते तिच्याकडून परत मागता येईल.